मानक्रम आणि अग्रासन : शासनाची सारणी व विनयातील ज्येष्ठता

गेल्या काही वर्षांत जुन्या जालन्यातील विहारांच्या कार्यक्रमांना जाताना एक गोष्ट सातत्याने आमच्या नजरेस येते. धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, चौदा एप्रिल असो अथवा एखाद्या सभागृहाचे उद्घाटन असो; कार्यकर्त्यांची सर्वांत मोठी चिंता प्रवचनाची नसते, खुर्च्यांची असते. निमंत्रणपत्रिकेत कोणाचे नाव वर व कोणाचे खाली, दीपप्रज्वलन प्रथम कोणी करावयाचे, भदंतांचे आसन कोठे आणि लोकप्रतिनिधींचे कोठे, या प्रश्नांवर बैठकांमागून बैठका होतात. अशाच एका कार्यक्रमात, वंदना चालू असताना, पहिल्या रांगेत बसलेल्या एका वृद्ध उपासिकेला स्वयंसेवकाने उठविले. "आजी, जरा मागं बसा, साहेब आलेत," असे तो म्हणाला. त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. "बसू द्या बाबा, मी खालीबी बसते," असे म्हणून ती उपासिका सतरंजीवर जाऊन बसली. कार्यक्रम पुढे सुरळीत पार पडला. कोणालाही काही खटकले नाही, आणि हीच गोष्ट आम्हांला अधिक खटकली.

पुढे त्या स्वयंसेवकाशी बोलणे झाले तेव्हा त्याने 'प्रोटोकॉल' एवढा एकच शब्द उच्चारला. या शब्दापुढे आपल्याकडे वाद थांबतो. म्हणून हा शब्द ज्या दस्तऐवजावर उभा आहे तो दस्तऐवज, आणि त्याच प्रश्नाला तथागतांनी विनयात दिलेले उत्तर, असे दोन पाठ शेजारी ठेवून वाचावेत, असे आम्ही योजिले आहे.

शासनाची सारणी

राष्ट्रपती सचिवालयाने २६ जुलै १९७९ रोजी अधिसूचित केलेली मानक्रमाची सारणी हा या विषयातील आधारभूत दस्तऐवज होय. तिच्यात पुढे वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. तिच्यात सव्वीस अनुक्रमांक आहेत. पहिले स्थान राष्ट्रपतींचे, दुसरे उपराष्ट्रपतींचे, तिसरे पंतप्रधानांचे, चौथे आपापल्या राज्यात राज्यपालांचे, पाचवे माजी राष्ट्रपतींचे. सहाव्या स्थानी भारताचे सरन्यायाधीश आणि लोकसभेचे अध्यक्ष आहेत. सातव्या स्थानी केंद्रीय मंत्री, आपापल्या राज्यात मुख्यमंत्री, माजी पंतप्रधान आदी येतात, आणि त्याला जोडून 'सात-अ' या स्थानी भारतरत्न सन्मानाचे मानकरी. संसद सदस्यांचे स्थान एकविसावे, तर राज्याच्या मुख्य सचिवांचे आपल्या राज्यात तेविसावे आहे.

या सारणीकडे केवळ उपहासाने पाहणे योग्य होणार नाही. ज्या मराठवाड्यात आम्ही राहतो तो सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ब्रिटिश अमदानीत संस्थानिकांचा मान तोफांच्या सलामीने मोजला जाई. निजामाला एकवीस तोफा होत्या. बडोदा, म्हैसूर, ग्वाल्हेर व जम्मू-काश्मीर यांनाही तेवढ्याच. कोल्हापूरला एकोणीस. १९०२ साली आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांना निजामापेक्षा दोन तोफा कमी, हा त्या मोजमापाचा न्याय होता. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव गायकवाडांनी बादशहाला रीतीप्रमाणे लवून मुजरा केला नाही, एवढ्यावरून केवढे वादळ उठले हे इतिहासात नमूद आहे. तेथे मान घराण्याचा होता आणि तो वारशाने चालत असे.

१९७९ ची सारणी या परंपरेपासून एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी आहे. तिच्यात मान पदाला आहे, कुळाला नाही. पद गेले की स्थान बदलते. राज्यपाल आपल्या राज्याबाहेर गेले की त्यांचे स्थान खाली येते. संविधानाच्या अनुच्छेद १४ ने कायद्यापुढील समता दिली आणि अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले. त्या चौकटीत बसू शकेल असा हा मानक्रम आहे. शिवाय सारणीच्या पहिल्याच टीपेत तिची मर्यादा सांगितली आहे : हा क्रम राजकीय व औपचारिक समारंभांपुरता असून शासनाच्या दैनंदिन कारभाराला तो लागू नाही. आपले क्षेत्र कोठे संपते हे सांगणारा नियम हा बरा नियम असतो, असे आम्ही मानतो.

परंतु याच सारणीची दुसरी बाजू पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते. मंत्रिपदाचा राजीनामा त्यांनी १९५१ मध्येच दिला होता. भारतरत्न त्यांना १९९० साली, महापरिनिर्वाणानंतर चौतीस वर्षांनी मिळाले. म्हणजे आजची सारणी मागे नेऊन लावली तर त्या दिवशी बाबासाहेबांचे स्थान एकविसावे ठरते. ज्या घटनेने लाखो माणसांचे जीवन पालटले तिच्या कर्त्याला ही सारणी वीस पायऱ्यांखाली ठेवते. यात सारणीचा दोष नाही. पद मोजणे एवढेच तिचे काम आहे. दोष आमचा आहे. कारण जे मोजमाप पदापुरते आहे त्याने आम्ही माणसाचे मोल करू लागलो आहोत.

आणखी एक बाब. सव्वीस अनुक्रमांकांच्या या सारणीत जिल्हाधिकारी नाहीत, नगरसेवक नाहीत, सरपंच नाहीत, भिक्षूही नाहीत. कुंडलिका नदीच्या अलीकडील वस्त्यांपर्यंत ती पोचतच नाही. जिल्ह्यातील शासकीय समारंभांसाठी राज्य शासनाच्या राजशिष्टाचाराच्या सूचना असतात. पण त्यादेखील शासकीय समारंभांपुरत्याच. विहारातील कार्यक्रम हा शासकीय समारंभ नव्हे. तेव्हा ज्या 'प्रोटोकॉल'ने त्या उपासिकेला उठविले तो कोणत्याही कागदावर नाही. तो आमच्या मनात आहे.

मे २०२५ चा प्रसंग

येथे वाचक विचारतील की मानक्रम जर इतका गौण असेल, तर मे २०२५ मध्ये आपला समाज एवढा व्यथित का झाला? हा प्रश्न टाळता येणार नाही.

न्यायमूर्ती भूषण गवई यांनी १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली. ते या पदावरील पहिले बौद्ध होत. अमरावतीचे, रिपब्लिकन चळवळीतील ज्येष्ठ नेते रा. सू. गवई यांचे ते सुपुत्र. शपथेनंतर चारच दिवसांनी, १८ मे रोजी, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या सत्कारासाठी ते मुंबईत आले. त्या वेळी राज्याचे मुख्य सचिव, पोलीस महासंचालक आणि मुंबईचे पोलीस आयुक्त यांच्यापैकी कोणीही उपस्थित नव्हते. सरन्यायाधीशांनी आपल्या भाषणात ही बाब बोलून दाखविली. लोकशाहीचे तिन्ही स्तंभ समान आहेत आणि प्रत्येक संस्थेने इतर संस्थांचा आदर राखला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यानंतर ते चैत्यभूमीवर अभिवादनासाठी गेले तेव्हा हे तिन्ही अधिकारी तेथे हजर झाले. पुढे दोनच दिवसांत राज्य शासनाने परिपत्रक काढून सरन्यायाधीशांना राज्याचे कायमस्वरूपी अतिथी घोषित केले. या प्रकरणी कारवाईची मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा सरन्यायाधीशांच्याच पीठाने ती सात हजार रुपये खर्च बसवून फेटाळली आणि राईचा पर्वत करू नये असे सुचविले.

या प्रसंगावर आपल्याकडे दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. काहींनी तो आपल्या माणसाचा अपमान मानला. काहींनी म्हटले की बौद्धाने मानापमानाची एवढी पर्वा कशाला करावी? आमच्या मते या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत.

सरन्यायाधीशांनी जे मागितले ते स्वतःसाठी नव्हते, पदासाठी होते. आणि पदाचा मान हा संविधानाचा मान असतो. तो सोडून देण्याचा अधिकार पदावरील व्यक्तीलाही नसतो. म्हणून त्यांचे बोलणे उचित होते. तितकेच उचित हे की पदाचा मुद्दा मांडून झाल्यावर त्यांनी तो ताणला नाही, आणि याचिकेला थारा दिला नाही. त्यांच्या या वागण्यात पदाचा आग्रह होता, अहंकार नव्हता.

मग व्यथा कोठून आली? ती जुन्या अनुभवातून आली. अधिकाऱ्यांच्या हेतूचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. पण समाजाची स्मृती कशी घडली आहे हे सांगणे आमचे काम आहे. १९१७ साली बाबासाहेब परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. हुद्दा होता, परंतु त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही आणि पारशी खानावळीतूनही बाहेर पडावे लागले. गोलमेज परिषदेत ज्यांना लंडनमध्ये आसन मिळाले होते, त्यांनाच १९३४ मध्ये आमच्या शेजारच्या दौलताबादेत किल्ल्याच्या दारातील पाण्यावरून अपमान सोसावा लागला. कागदावरचा मानक्रम काहीही सांगो, समाजाच्या मनात एक दुसरी सारणी असते. ती कोठेही अधिसूचित झालेली नाही, तिला टीप नाही, मर्यादा नाही. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच : वर जावे तसा आदर वाढत जातो आणि खाली यावे तसा तिरस्कार. कागदावरील सारणीत ज्याचे स्थान सहावे, त्याला मनातील सारणीत कोणते स्थान मिळते, ही शंका आपल्या माणसाच्या मनात लगेच येते. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दालनातच एका वकिलाने सरन्यायाधीशांच्या दिशेने जोडा फेकण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ही शंका अधिकच गडद झाली. न्यायमूर्ती गवई यांनी त्याही वेळी चित्त ढळू दिले नाही आणि कामकाज पुढे चालविले. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी ते निवृत्त झाले.

तात्पर्य, शासकीय समारंभात पदाचा मान मागणे हे समतेच्या विरुद्ध नाही. उलट ज्यांना तो शतकानुशतके नाकारला गेला त्यांनी तो नियमाप्रमाणे मागितलाच पाहिजे. परंतु ज्याचा आपण तेथे योग्य आग्रह धरतो तेच मोजमाप विहारात आणून आपल्याच आजीला उठवितो, तेव्हा आपण संविधानाचा मानक्रम पाळत नसतो. मनातील ती दुसरी सारणीच आपण चालवीत असतो. फक्त तिच्या वरच्या पायरीवर आता आपला माणूस बसलेला असतो.

विनयातील उत्तर

हाच प्रश्न तथागतांच्या संघातही उपस्थित झाला होता. चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात त्याची हकीकत आली आहे. भगवान वैशालीहून श्रावस्तीकडे जात असताना छब्बग्गिय भिक्षूंचे शिष्य पुढे धावले आणि निवासाच्या सर्व जागा त्यांनी आपल्या उपाध्यायांसाठी, आचार्यांसाठी व स्वतःसाठी अडवून ठेवल्या. मागून आलेल्या स्थविर सारिपुत्तांना जागा उरली नाही. त्यांनी एका झाडाखाली बसून रात्र काढली. पहाटे भगवान उठले, खोकले; झाडाखालून सारिपुत्तही खोकले. कोण आहे, असे भगवंतांनी विचारले आणि हा प्रकार उघडकीस आला. अग्रश्रावक म्हणून ज्यांची ख्याती, त्यांना झाडाचे मूळ मिळाले, आणि त्याबद्दल त्यांनी कोणाकडे तक्रार केली नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

भगवंतांनी भिक्षूंना एकत्र केले आणि विचारले : अग्रासन, अग्रोदक व अग्रपिंड, म्हणजे पहिले आसन, पहिले पाणी व पहिले अन्न, यांना कोण पात्र? कोणी म्हणाले, क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झालेला. कोणी म्हणाले, ब्राह्मण कुळातील. कोणी गृहपती कुळातील. काहींनी सुत्तांचा जाणकार, काहींनी विनयधर, काहींनी धम्मकथिक सांगितला. काहींनी ध्यान प्राप्त केलेला, तर काहींनी अर्हत. तथागतांनी यांपैकी एकही उत्तर स्वीकारले नाही. कुळ नाकारले हे आपण सहज समजू शकतो. परंतु विद्वत्ता आणि आध्यात्मिक प्राप्ती हीसुद्धा आसनाचे मोजमाप म्हणून नाकारली, ही या पाठातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. आमच्या समजुतीप्रमाणे त्यामागे कारण असे की गुणांवर आसन ठेवले म्हणजे गुणांचे प्रदर्शन सुरू होते, आणि प्रत्येक सभेत कोणाचे गुण मोठे हा वाद उभा राहतो.

मग भगवंतांनी तित्तिर पक्षी, माकड आणि हत्ती यांची कथा सांगितली. ती तित्तिर जातक म्हणूनही प्रसिद्ध आहे. तिघांनी एका वडाच्या झाडाच्या आठवणीवरून आपापले वय ताडून पाहिले. हत्तीला तो वड आपल्या पोटाला शेंडा लागेल एवढा असल्याचे आठवत होते. माकडाला जमिनीवर बसून त्याचे शेंडे खाल्ल्याचे. तित्तिराला तर ज्या बीजापासून तो उगवला ते बीज आपणच तेथे टाकल्याचे. सर्वांत लहान देहाचा प्राणी ज्येष्ठ ठरला, आणि हत्तीने त्याचा मान राखला. यानंतर संघात ज्येष्ठतेप्रमाणे अभिवादन, प्रत्युत्थान व अग्रासन असा नियम झाला. ही ज्येष्ठता जन्माच्या वयाची नव्हे, उपसंपदेपासून मोजलेल्या वर्षावासांची. ती विकत घेता येत नाही, वारशाने मिळत नाही, निवडणुकीने येत नाही. आणि जो आज कनिष्ठ आहे तोही थांबला तर ज्येष्ठ होतोच.

उपाली नापिताची प्रव्रज्या हे या नियमाचे ठळक उदाहरण होय. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी शाक्य कुमारांनी स्वतःहून भगवंतांना विनंती केली की आमचा सेवक उपाली याला आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आवर्जून घेतला आहे.

याच खंधकात मानक्रमाला घातलेल्या मर्यादाही आल्या आहेत, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या अधिक महत्त्वाच्या आहेत. एका महामात्याने संघाला भोजन दिले असता उपनंद भिक्षू उशिरा आले आणि शेजारच्या कनिष्ठ भिक्षूला त्यांनी जेवता जेवता उठविले. भोजनगृहात गोंधळ माजला. तेव्हा भगवंतांनी नियम केला की भोजन अपुरे असताना कोणालाही उठवू नये. दुसऱ्या प्रसंगी आजारी भिक्षूंना आसनावरून उठविण्यात आले, त्यावर रुग्णाला उठवू नये असा नियम झाला. तिसरा नियम तर उपालींच्याच निमित्ताने झाला. भिक्षू त्यांच्याकडे विनय शिकत असत. उपाली स्थविरांच्या आदरापोटी उभे राहून सांगत, स्थविर धम्माच्या आदरापोटी उभे राहून ऐकत, आणि दोघेही थकून जात. तेव्हा भगवंतांनी अनुज्ञा दिली की शिकविणारा कनिष्ठ असला तरी त्याने समान अथवा उच्च आसनावर बसावे. ते आसन धम्माच्या गौरवासाठी आहे. एकेकाळचा नापित उंच आसनावर आणि स्थविर त्याच्यासमोर, हे दृश्य कोणत्याही दरबाराच्या सारणीत बसणारे नाही.

दोन आक्षेप

आमच्या या मांडणीवर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला, विनयातील ज्येष्ठतेचा नियम स्त्रियांच्या बाबतीत टिकला नाही. शंभर वर्षे उपसंपदा झालेल्या भिक्षुणीनेही त्याच दिवशी उपसंपन्न झालेल्या भिक्षूला वंदन करावे, असे आठ गुरुधम्मांपैकी पहिला सांगतो. महाप्रजापती गौतमींनी पुढे हा भेद काढून केवळ ज्येष्ठतेप्रमाणे वंदन व्हावे अशी विनंती केल्याचे आणि ती मान्य न झाल्याचे चुल्लवग्गातच नमूद आहे. हे गुरुधम्म मूळचे की मागाहून आलेले, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ चर्चा आहे. आम्ही एवढेच म्हणू की तित्तिराच्या कथेतील तत्त्व आणि हा नियम एकत्र नांदू शकत नाहीत, आणि दोहोंतून निवड करावयाची झाल्यास गौतमींची विनंती तथागतांच्या तत्त्वाच्या अधिक जवळ आहे. समतेची प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या समाजाने तरी दुसरी निवड करू नये.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. लोकप्रतिनिधींना पुढे बसविले नाही तर सभागृहाला निधी कसा मिळणार, असे कार्यकर्ते विचारतात. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. आपल्या वस्त्यांमधील अनेक विहारांची छपरे अशाच निधीतून उभी राहिली आहेत. परंतु निधी जनतेचा असतो. तो मंजूर करणाऱ्याचे आभार मानावेत, त्याचे स्वागत करावे. त्यासाठी विहारातील आसन त्याच्या नावे करून देण्याची गरज नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेबद्दल दिलेला इशारा आपण दरवर्षी वाचतो. तो इशारा विहाराच्या दारातही लागू आहे.

आमचे म्हणणे

विनयाचे नियम भिक्षुसंघासाठी आहेत, उपासकांना ते शब्दशः बंधनकारक नाहीत, हे आम्ही जाणतो. आम्ही त्यांतील तत्त्व मागत आहोत. पदाचा मानक्रम ध्वजारोहणाच्या मैदानावर पाळावा, आणि तेथे तो कोणाच्या बाबतीतही, कोणत्याही कारणाने, ढळू देऊ नये. विहारात मात्र पहिले आसन संघाचे असावे. जो धम्मावर बोलणार आहे तो वयाने वा पदाने लहान असला तरी त्याचे आसन उंच असावे. वृद्ध व आजारी यांना बसल्या जागेवरून कोणीही उठवू नये. उशिरा येणाऱ्याने, मग तो कोणीही असो, जेथे जागा असेल तेथे बसावे. पत्रिकेतील नावे वर्णानुक्रमाने छापावीत. याला खर्च नाही, ठराव नाही, कोणाची परवानगीही नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी देशाच्या पहिल्या कायदेमंत्र्याने कुशीनाराच्या वृद्ध भदंत चंद्रमणी महास्थविरांपुढे हात जोडून त्रिशरण-पंचशील घेतले. त्या दिवशी भदंतांकडे कोणतेही शासकीय पद नव्हते. त्यांच्याकडे चीवर होते आणि वर्षावास होते, आणि बाबासाहेबांना ते पुरेसे वाटले. येत्या कार्यक्रमात ती आजी पुन्हा पहिल्या रांगेत येऊन बसेल किंवा बसणार नाही. बहुधा ती आपणहूनच मागे बसेल. तिला हाताला धरून पुढे आणणे, हे आता त्या स्वयंसेवकाचे आणि आम्हां सर्वांचे काम आहे.